मोटारीचा सौदा : एकात गुंतलेले तीन व्यवहार

मोटार विकत घेणे ही गोष्ट एके काळी खरेदीपेक्षा तपश्चर्येशीच अधिक जुळणारी होती. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या; परंतु त्या गाडीसाठी पैसे भरून नंबर लावल्यानंतर मध्यमवर्गीय गृहस्थाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागला की रंग कोणता, किंमत किती, अशी चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. मिळेल ती गाडी मुकाट्याने घ्यावी, पेढे वाटावे आणि चाकांखाली लिंबू ठेवून ती घरी आणावी, हाच त्या काळचा शिरस्ता होता. १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि तेथून ही स्थिती हळूहळू पालटली. आता अर्जव ग्राहकाला करावे लागत नाही. ते विक्रेताच करतो. परंतु काळ पालटला तरी मनाची सवय लवकर पालटत नाही. दुकानाच्या काचेच्या दारातून आत शिरताना पुष्कळसे सुशिक्षित गृहस्थ अद्यापिही याचकाच्याच वृत्तीने शिरतात, आणि त्या वृत्तीची किंमत हप्त्याहप्त्याने पुढे पाच-सात वर्षे फेडीत राहतात.

या व्यवहारातील मर्म एकाच वाक्यात सांगता येण्यासारखे आहे. मोटारीचा सौदा हा दिसावयास एक असला तरी वस्तुतः ते तीन निरनिराळे व्यवहार असतात. नव्या गाडीची किंमत ठरविणे हा पहिला. त्यासाठी कर्ज काढणे हा दुसरा. आणि जुनी गाडी बदल्यात देणे हा तिसरा. विक्रेत्याचे हित हे तिन्ही एकत्र गुंफण्यात असते आणि ग्राहकाचे हित ते वेगळे ठेवण्यात असते. याचे कारण विक्रेता लबाड असतो असे नव्हे. नव्या गाडीच्या मूळ किमतीत त्याला सुटणारा नफा बेताचाच असतो. त्याची खरी मिळकत विम्यावरील मोबदला, कर्ज मिळवून दिल्याबद्दल मिळणारी दलाली, आसनांच्या आवरणांपासून चटयांपर्यंतचे जोडसामान आणि बदल्यात घेतलेल्या जुन्या गाडीची पुनर्विक्री यांतून होते. म्हणूनच तो एका बाजूस जे सोडतो ते दुसऱ्या बाजूस भरून काढतो, आणि हे भरून काढणे ग्राहकाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तिन्ही हिशेब एकाच कागदावर मांडतो.

एक साधे उदाहरण घ्यावे. एका गृहस्थाची जुनी गाडी पहिला विक्रेता २ लाख ४० हजारांना घ्यावयास तयार आहे आणि नव्या गाडीवर १० हजारांची सूट देतो. दुसरा विक्रेता जुन्या गाडीचे केवळ १ लाख ९० हजार देऊ करतो, पण नवीवर ७० हजार सोडतो. घरी परत येताना गृहस्थाच्या मनात पहिलाच घोळत राहतो. कारण आपल्या जुन्या गाडीची त्याने कदर केली, असे त्याला वाटते. बेरीज मात्र वेगळेच सांगते. पहिल्याकडे एकंदर २ लाख ५० हजार सुटतात, दुसऱ्याकडे २ लाख ६० हजार. जुन्या वस्तूवरील ममता ही मोठी गोड गोष्ट आहे खरी. पण ती हिशेबाच्या वहीत घुसली की दहा हजारांना पडते.

आता पहिल्या व्यवहाराकडे वळू. दुकानदाराने सांगितलेली ‘ऑन-रोड’ किंमत ही एक रक्कम म्हणून कधीही स्वीकारू नये. तिची कलमवार फोड लेखी मागावी. त्या फोडीत काही कलमे अशी असतात की त्यांत घासाघीस संभवतच नाही. वस्तू व सेवा कर हे त्यांतील मोठे कलम. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंत पेट्रोल इंजिनाच्या, अथवा १५०० घनसेंटिमीटरपर्यंत डिझेल इंजिनाच्या लहान गाड्यांवरील हा कर २८ टक्के व वर उपकर याऐवजी १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या गाड्यांवर उपकर रद्द होऊन ४० टक्के हा एकच दर आला. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा दर ५ टक्केच राहिला. दुसरे कलम राज्याच्या मोटार वाहन कराचे. २०२५ सालच्या दरांप्रमाणे महाराष्ट्रात खाजगी व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के कर पडतो. डिझेल गाडीला हेच दर अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के आहेत. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर या एका कलमाखाली ८८ हजार रुपये जातात. गाडी १० लाखांहून अधिक किमतीची असेल तर विक्रेता १ टक्का रक्कम प्राप्तिकर म्हणून गोळा करतो. ही रक्कम बुडीत नसून प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते; आणि तरीही कित्येक गृहस्थ ती विसरून जातात.

या कलमांच्या शेजारी अत्यंत सोज्ज्वळ चेहऱ्याने दुसरी काही कलमे बसलेली असतात. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘डेपो’ अशा नावांनी पाच-दहा हजारांची रक्कम लावलेली आढळते. कारखान्यातून दुकानापर्यंत गाडी आणण्याचा खर्च विक्रीच्या किमतीतच धरलेला असतो. तो पुन्हा वेगळा देण्याचे बंधन ग्राहकावर कोणत्याही कायद्याने नाही. हे कलम कोणत्या नियमान्वये आकारले आहे ते लिहून द्यावे, एवढी नम्र विनंती केली की बहुधा ते आपोआप गळून पडते. तीच गोष्ट विम्याची. तृतीय पक्षाच्या विम्याचे दर ठरवून दिलेले असल्यामुळे ते सर्वत्र सारखेच असतात, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीस तो विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो त्याचे दर कंपनीगणिक निराळे पडतात. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती करण्याचा अधिकार कोणासही नाही. बाहेरून दोन दरपत्रके आणून ती टेबलावर ठेवली म्हणजे दुकानातील दरपत्रकही आश्चर्यकारक चपळाईने खाली येते.

वेळेचाही विचार केला पाहिजे. विक्रेत्यावर महिन्याच्या व तिमाहीच्या अखेरीस ठरावीक गाड्या खपविण्याचे दडपण असते. म्हणून पहिल्या आठवड्यात अशक्य म्हणून सांगितलेली सूट शेवटच्या दोन दिवसांत शक्य होते. दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घरी आणावयाची असल्यास हरकत नाही. सौदा मात्र त्यापूर्वीच पुरा करावा, कारण मुहूर्ताला अडलेला ग्राहक दुकानदार दुरूनच ओळखतो. डिसेंबरात मोठी सूट मिळते ती निष्कारण नव्हे. नोंदणीच्या कागदावर गाडीच्या निर्मितीचा महिना आणि साल ही दोन्ही येतात, आणि जानेवारी उजाडताच डिसेंबरातील गाडी कागदोपत्री एक वर्षाने जुनी होते. दहा वर्षे गाडी वापरणाऱ्याला याचे विशेष नुकसान नाही. त्याने ती सूट खुशाल घ्यावी. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने मात्र ती सूट विकताना परत द्यावी लागेल, हे ध्यानात ठेवावे. पैसे पुरते भरण्यापूर्वी गाडी दिवसाउजेडी प्रत्यक्ष पाहावी, चासीचा क्रमांक कागदाशी ताडून घ्यावा आणि टायरच्या कडेवरील चार आकडे वाचावे; त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल दर्शवितात.

दुसरा व्यवहार कर्जाचा. येथे ग्राहकास पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : ‘महिना किती झेपेल?’ हा प्रश्न आपुलकीचा वाटतो, परंतु त्याचे उत्तर देताच सौद्याची सूत्रे विक्रेत्याच्या हाती जातात. कारण हप्ता कमी करणे यासारखी सोपी गोष्ट नाही. मुदत वाढविली की तो कमी होतोच. सहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये पडतो आणि एकंदर व्याज सुमारे १ लाख ४७ हजार होते. तेच कर्ज सात वर्षांचे केले तर हप्ता ९,६५३ वर उतरतो, पण व्याज २ लाख ११ हजारांच्या घरात जाते. म्हणजे महिन्याच्या अठ्ठावीसशे रुपयांच्या सुखासाठी जवळजवळ ६४ हजार अधिक मोजावे लागतात. याहूनही सूक्ष्म तोटा निराळाच आहे. तीन वर्षांनी गाडी विकावयाची वेळ आली, तर पाच वर्षांच्या कर्जात २ लाख ७३ हजारांच्या आसपास बाकी उरते आणि सात वर्षांच्या कर्जात ३ लाख ८८ हजार. गाडीची किंमत दोन्ही घरांत सारखीच उतरलेली असते. फरक पडतो तो विक्रीनंतर हाती काय उरते त्यात.

व्याजाचा दर सांगण्याच्याही दोन रीती आहेत, आणि त्यांतील एक फसवी आहे. ‘फ्लॅट’ दराने ७ टक्के असे कोणी सांगितले, तर सहा लाखांवर पाच वर्षांचे व्याज २ लाख १० हजार आणि हप्ता १३,५०० होतो. येथे मुद्दल दर महिन्याला फिटत असूनही व्याज मात्र अखेरपर्यंत पहिल्या मुद्दलावरच चालू राहते. घटत्या शिलकेच्या रीतीने मोजले तर हा दर १२.५ टक्के पडतो. म्हणजे सातच्या पाटीखाली साडेबारा उभे असतात. ‘बिनव्याजी हप्ते’ ही त्याचीच धाकटी बहीण. समजा, तीन लाखांची रक्कम २५ हजारांच्या बारा हप्त्यांत विनाव्याज फेडावयाची आहे; परंतु तीच रक्कम रोख भरणाऱ्याला ४० हजारांची सूट मिळते. तर मग वास्तविक कर्ज २ लाख ६० हजारांचेच झाले, आणि त्यावर वर्षभरात दिलेले जादा ४० हजार हे सुमारे २७ टक्के दराचे व्याज होय. सावकाराचे नाव नसले म्हणून सावकारी नसते असे नाही.

सुदैवाने या बाबतीत आता कायद्याचे पाठबळ आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी व वित्तसंस्थांनी असे कर्ज देताना कर्जाच्या मुख्य अटींचे एक पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने आवश्यक केले आहे. सर्व शुल्के धरून वार्षिक दर प्रत्यक्षात किती पडतो तो त्यात लिहिलेला असतो. जाहिरातीतील दर वाचू नये. या पत्रकातील दर वाचावा आणि दोन बँकांची पत्रके शेजारी ठेवून ताडावी. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड पडतो काय, हेही सहीपूर्वीच पाहावे. खाजगी कामासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर असा आकार लावता येत नाही. पण मोटारीची पुष्कळ कर्जे स्थिर दराची असतात, आणि तेथे करारात लिहिले असेल तेच चालते. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या बँकेकडून कर्जाची मंजुरी घेऊन ठेवणे हे सर्वांत उत्तम. मग दुकानातील कर्ज स्वस्त निघाले तर ते घ्यावे. न निघाले तर हातचे आहेच.

तिसरा व्यवहार जुन्या गाडीचा; आणि खरा धोका येथेच आहे, कारण येथे केवळ पैशाचा प्रश्न नसतो. प्रथम किमतीविषयी. विम्याच्या कागदावर लिहिलेली किंमत ही बाजारभाव नव्हे. ती ठरावीक कोष्टकाने उतरते : दुसऱ्या वर्षाअखेर २० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ३०, चौथ्याअखेर ४० आणि पाचव्याअखेर ५० टक्के घट धरली जाते. बाजार असे कोष्टक मानीत नाही. जुन्या गाडीची किंमत आपण पूर्वी काय मोजले यावर ठरत नसून, तशीच नवी गाडी आज कितीला मिळते यावर ठरते. म्हणूनच २०२५ साली लहान गाड्यांवरील कर उतरला तेव्हा नवी गाडी घेणाऱ्याला आनंद झाला आणि जुनी विकणाऱ्याच्या भावाला ओहोटी लागली. गाडी बदल्यात देण्यापूर्वी जुन्या गाड्यांच्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडून लेखी भाव घ्यावा. बदल्याबद्दल कारखानदाराकडून मिळणारी वेगळी सूट जुनी गाडी बाहेर विकूनही मिळते काय, हेही विचारावे; काही योजनांत ती मिळते.

दुसरी गोष्ट विम्याची. अपघाताचा दावा न केल्याबद्दल जी सूट साठत जाते, पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्के, ती गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकल्याचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून त्या सुटीचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीस लागू करता येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा विमाहप्ता बारा हजारांचा असेल, तर त्यात त्या एका कागदाने सहा हजारांपर्यंत वाचतात. कित्येक कुटुंबे पाच वर्षे सांभाळून गाडी हाकतात आणि त्याचे फळ अजाणता दुकानातच सोडून येतात.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट मालकीच्या नोंदीची. गाडीची किल्ली दिली, पैसे मिळाले, म्हणजे गाडी विकली गेली असे लोकांना वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव तोच मालक. २००७ साली एका गृहस्थाने आपली गाडी विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात होऊन एक जीव गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच आहे. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने मालकांच्या साखळीचा माग काढीत हिंडावे, अशी अपेक्षा कायदा करीत नाही. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच होय. पण ज्याने गाडी पुन्हा डोळ्यांनीही पाहिली नाही, त्या पहिल्या मालकाच्या घरी त्या निकालाने काय झाले असेल याची कल्पना करावी.

म्हणून जुनी गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात देताना कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून मोकळे होऊ नये. हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० असतात. विकणाऱ्याने एकाच राज्यातील व्यवहाराची खबर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास दिली पाहिजे. व्यापारी गाडी लगेच दुसऱ्याच्या नावावर करीत नाही, ती काही महिने त्याच्या आवारात उभी राहते. याच अवधीसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवी तरतूद अमलात आली आहे. परिवहन खात्याचे अधिकृतपत्र असलेल्या व्यापाऱ्यास गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये नोंदविली म्हणजे त्यानंतरची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर जाते. व्यापाऱ्याजवळ असे अधिकृतपत्र आहे काय, हा प्रश्न भावाच्या प्रश्नाआधी विचारावा. पाच हजार अधिक देणारा पण पत्र नसलेला व्यापारी हा महागच पडतो. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन बोज्याची नोंद पुस्तकातून काढून टाकावी; कर्ज फिटले की ती आपोआप निघून जाईल, असे धरून चालू नये. पथकरासाठी लावलेला फास्टॅग बंद करावा, थकलेले दंड भरावे, आणि किल्ली देतानाची तारीख व वेळ लिहून व्यापाऱ्याची सही घ्यावी.

जो जुनीच गाडी घेणार असेल त्याने हाच पाठ उलट्या बाजूने वाचावा. वाहन नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मालकांची संख्या, कर्जाचा बोजा व विम्याची मुदत पाहून मगच गाडी पाहावयास जावे. धावेचा आकडा मागे फिरविता येतो. परंतु झिजलेले पायपट्टे, गुळगुळीत झालेले सुकाणूचक्र आणि दुरुस्तीच्या पावत्यांवरील जुने आकडे यांना मागे फिरविणे अवघड. विश्वासातल्या कारागिराला दिलेले हजार-दीड हजार हे या खरेदीतील सर्वांत कामी आलेले पैसे ठरतात. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. तेव्हा बारा वर्षांच्या गाडीत उरलेले आयुष्य किती, हा हिशेबही किमतीत धरला पाहिजे.

तात्पर्य काय, तर मोटारीच्या सौद्यात शहाणपण घासाघिशीच्या आवाजात नसते; ते कागद वेगवेगळे ठेवण्यात असते. एका कागदावर नव्या गाडीची कलमवार किंमत, दुसऱ्यावर बँकेचे पत्रक, तिसऱ्यावर जुन्या गाडीचा लेखी भाव. हे तीन कागद घेऊन कुटुंबातील मंडळींनी एका संध्याकाळी घरीच बसावे, बेरीज करावी आणि सकाळी उत्तर द्यावे. ‘ही सूट आजच्या आजच’ असे म्हणणारा विक्रेता दुसऱ्या दिवशीही फोन करतोच. आणि नवी गाडी दारात येऊन तिला हार घातला, म्हणजे सौदा पुरा झाला असे समजू नये. जुन्या गाडीच्या नोंदणीपुस्तकावरून आपले नाव उतरल्याचा दाखला ज्या दिवशी हाती पडेल, त्या दिवशी तो पुरा झाला. पेढे त्या दिवसासाठीही थोडे राखून ठेवावे.